पंख्याकडून एक, सीटकडून एक

रविवारी सकाळी विटांची गाडी आली आणि घरातल्या एकानेही दुसऱ्याला 'विटा आल्या' म्हणून सांगितलं नाही. ज्याने त्याने आपापल्या खिडकीतून बघून घेतलं. उत्साहात होता तो फक्त गवंडी. त्याने थापी, ओळंबा आणि दोरीचं बंडल पायरीवर मांडलं, विटांच्या ढिगावर पोतं टाकून बैठक जमवली आणि आईला म्हणाला, "आजी, चहात साखर कमी."

आईने साखर घातलीच नाही. भिंत घालायला आलेल्या माणसाचं तोंड गोड करायची तिला हौस नव्हती.

भिंत शेडच्या मधोमध यायची होती. शेडच्या एका अंगाला थोरल्याचं घर, दुसऱ्या अंगाला धाकट्याचं, आणि दोन्ही स्वयंपाकघरांची मागची दारं शेडमध्येच उघडत. बाबांनी घरं बांधतानाच तशी सोय केली होती. आई रात्री थोरल्याकडे झोपायची, दुपारी धाकट्याकडे लवंडायची आणि दिवसभरात शेडमधून इतक्या खेपा घालायची की फरशीवर तिची वाट पडली होती. शेडच्या डाव्या बाजूला थोरल्याची रोपवाटिका होती, उजव्या बाजूला धाकट्याचं पंप दुरुस्तीचं टेबल. बाबा होते तोवर दोघांना एकमेकांचा त्रास होत नव्हता, किंवा होत असला तरी बोलायची छाती नव्हती. बाबा गेल्यावर एका दुपारी डिझेलची बादली टोमॅटोच्या रोपांवर लवंडली. कोणाच्या धक्क्याने, यावर अजून एकमत नाही. पण त्या संध्याकाळी दोघांच्या तोंडून एकच शब्द निघाला, भिंत.

अडचण एकच होती. भिंतीच्या रेषेवर बरोबर मध्यभागी बाबांचा ट्रॅक्टर उभा होता, इंजिन जाम झालेला.

"ओढून बाहेर काढू," थोरला म्हणाला होता.

"दोरीने ओढायला तो काय मेलेला बैल आहे?" आई म्हणाली होती. "तुमच्या बाबांचा ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांनी, स्वतःच्या जोरावर बाहेर जाईल. मग घाला काय घालायची ती भिंत."

त्या वेळी तिला वाटलं होतं, आपण फार हुशारी केली. एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ मिळून एक इंजिन बांधणार कधी आणि भिंत होणार कधी! पण भिंतीच्या हट्टापायी दोघे असे कामाला लागले की तिचा हिशेबच चुकला. हेड उतरलं, चेंबर उतरला, नवे लायनर आले, पिस्टन आले. आणि आज गवंडीही आला. ही भिंत उभी राहिली तर आपण नक्की कुठल्या बाजूला, हे आईला अजून कोणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःला विचारून पाहिलं होतं आणि उत्तर न सापडल्यामुळे दोनदा चहा उतू घालवला होता.

*

थोरला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर वाकून उभा होता आणि धाकटा खाली पोत्यावर उताणा झोपला होता. दोघांमध्ये अंतर एका इंजिनाचं. त्या अंतरात धाकट्याची बायको स्टुलावर बसून गिऱ्हाइकाच्या कुर्त्याला हातशिलाई घालत होती. शिवणकाम तिचा धंदा, पण गेले काही रविवार ती घरातला टेलिफोनही होती.

"त्याला सांग," थोरला म्हणाला, "शेवटच्या रॉडची कॅप चढव. चार ठिपक्यांची."

"अहो, चार ठिपक्यांची कॅप चढवायची आहे."

"ऐकू आलं मला," खालून आवाज आला. "त्यांना म्हणावं, मी बहिरा नाही. चढवतोय."

"दादा, ते म्हणतात..."

"मलाही ऐकू आलं."

"मग मी इथे कशाला बसलेय?" ती म्हणाली आणि तिने दातांनी दोरा तोडला.  पण ती उठून गेली असती तर दोघांचीही पंचाईत झाली असती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

थोरल्याला मनातून हे काम आवडायला लागलं होतं, आणि त्याचाच त्याला राग येत होता. रोपं हळूहळू वाढतात, त्यांचं चुकलेलं महिन्याने कळतं. इंजिनाचं तसं नाही. पिस्टनला धरणारा एकेक रॉड वरून घालायचा, त्याची खालची अर्धी टोपी, म्हणजे कॅप, खालून चढवायची, दोघांनी मिळून क्रँकला मिठी मारली की झालं. रॉड वरून थोरल्याने काढले होते, कॅप खालून धाकट्याने. बाबांनी आयुष्यभर भंगारातून सुटे भाग आणून हे इंजिन जगवलं होतं, त्यामुळे कंपनीचे आकडे कशाचे कशाला जुळत नव्हते. दोन रॉडवर तर तीन हाच एक आकडा होता. म्हणून उघडतानाच थोरल्याने रॉडवर पंचाने ठिपके मारून ठेवले होते, एक ते चार. धाकट्यानेही कॅपवर मारले होते, एक ते चार. न बोलताही दोघांना एकच युक्ती सुचली, याचं थोरल्याला बरं वाटलं होतं. ते त्याने अर्थातच कोणाला सांगितलं नाही.

"टॉर्क पाना दे," खालून धाकटा म्हणाला, कोणालाही उद्देशून नाही.

थोरल्याने पाना खाली सोडला. ठरलेल्या जोराला पान्याचे कट्, कट् असे आवाज आले. बोल्ट बसले.

"हँडल मारून बघा म्हणावं."

थोरला पुढे गेला, इंजिनाच्या पंख्याखाली हँडल घातलं आणि जोर लावला. हँडल हललं नाही. त्याने पाय रोवून पुन्हा जोर लावला. मान लाल झाली, पण हँडल जागचं हललं नाही. नवे लायनर, नवे पिस्टन, नवी बेअरिंग आणि इंजिन पहिल्याइतकंच जाम.

"जास्त आवळलंस तू," तो म्हणाला. रागात तो टेलिफोन विसरला होता.

धाकटा सरपटत बाहेर आला. तोंडभर ऑइल, त्यात पांढरे डोळे. "मी पान्याच्या आकड्यावर आवळलंय. रिंगा उलट्या घातल्या असशील तू."

"मी? तेवीस वर्षं बाबांबरोबर हे मशीन उघडतोय मी."

"बाबांबरोबर! तू सीटशेजारी बसून गप्पा मारायचास. हँडल मी मारायचो, पाणी मी भरायचो, पंख्यासमोर धूर मी खायचो."

"मग खायचा नव्हतास. कोणी बोलावलं होतं?"

बाहेर विटांवर बसलेल्या गवंड्याने मान लांब केली. "झालं का हो?" त्याने विचारलं.

"नाही," दोघे भाऊ एकदम म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं एकमत.

थोरल्याने हँडल फरशीवर टाकलं आणि तो आपल्या दाराने घरात गेला. धाकट्याने पाना टेबलावर आपटला आणि तो आपल्या दाराने गेला. दोन्ही दारं एकापाठोपाठ वाजली. स्टुलावर धाकटी एकटी उरली, कुर्ता हातात घेऊन.

*

आई किटली घेऊन आली तेव्हा शेड शांत होतं.

"बंद पडलं?" तिने विचारलं, आणि आवाजातला आनंद लपवायला तिने पदराने कप पुसायला घेतला.

धाकटीच्या नजरेतून तो सुटला नाही. "आई, तुम्हाला बरं वाटतंय."

"छे गं."

"वाटतंय. मला नका सांगू." ती थांबली. "खरं सांगू? भिंत मलाही हवी होती. अहो, यांचे कपडे धुऊन बघा एकदा. वर दादांचं रोज तेच, इथे ग्रीस सांडलं, तिथे बोट उमटलं. म्हटलं, होऊन जाऊ दे भिंत, डोक्याची कटकट जाईल. पण तुमचं काय करायचं, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझं काय?"

"तुम्ही कुठे राहणार?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी आईला विचारलं होतं. ती विटांकडे बघत राहिली. तिला धाकटीचा हात धरावासा वाटला. तिने तो धरला, सुईसकट.

"आई गं," आई म्हणाली.

"सुई आहे."

"कळलं." तिने बोट चोखलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, इंजिन चालू झालं नाही तर बरं. पण हे बघ ना, चालू झालं नाही तरी दोघे दोन दारांनी गेले. बंद पडलेल्या ट्रॅक्टरने माझं काय भलं होणार? उद्या रागाच्या भरात भंगारवाल्याला देतील आणि भिंत घालतील. त्यापेक्षा चालू होऊ दे. निदान आज दिवसभर दोघे एका जागी तरी होते."

"मग मी दोघांना बोलावू का?"

"तू नको. तुझं आता कोणी ऐकणार नाही, तू टेलिफोन आहेस. मोठीला येऊ दे दवाखान्यातून. तिच्यासमोर दोघे तोंड उघडतात."

आई म्हणाली ते खोटं नव्हतं. थोरल्याची बायको, थोरली, दातांची डॉक्टर होती. घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तिच्या खुर्चीत जबडा उघडून बसून घेतलं होतं, आणि अशा माणसाशी पुढे फार ताठ वागता येत नाही.

*

थोरली आली ती रविवारची तातडीची दाढ उपटून, बऱ्यापैकी खुशीत. दारातच तिला विटा दिसल्या, मग गवंडी, मग तोंड फुगवून बसलेला नवरा. तिने पर्स ठेवली नाही, तशीच शेडमध्ये आली आणि दिराला हाक मारली.

"भाऊजी, इकडे या. आणि अहो, तुम्हीही. काय झालं ते मला एकाने सांगायचं. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही."

"याने..."

"तुम्ही दुसरे."

धाकट्याने सांगितलं. ठिपके, कॅप, टॉर्क पाना, हँडल. थोरलीला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण जे कळलं ते तिला ओळखीचं वाटलं. तिने पर्समधून दात बघायचा छोटा आरसा काढला. पूर्वी एकदा धाकट्याने तो पंपात पडलेला बोल्ट शोधायला पळवला होता, तेव्हापासून ती एक जादा ठेवत असे.

"दाखवा मला ठिपके."

ती साडी सावरून पोत्यावर बसली, मग आडवी झाली आणि आरसा आत सरकवला. विजेरी धाकटीने धरली. "इथे एक ठिपका, रॉडवरही एक. जुळतंय की. भाऊजी, हा एक तुम्ही कुठून मोजलात?"

"कुठून म्हणजे? पहिला म्हणजे पहिला, वहिनी."

"माझ्याकडे शिकायला येणारी मुलंही असंच म्हणतात. उजवी दाढ म्हणजे उजवी दाढ. कोणाची उजवी, पेशंटची की तुमची? एकाने पहिल्याच दिवशी भलतीच दाढ धरली होती. तुमचा पहिला कुठल्या टोकाचा?"

"पुढचा. पंख्याकडचा."

 थोरलीने आरशावरून नजर काढून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो? आता बोला. तुमचा?"

"सीटकडचा," तो हळूच म्हणाला.

 मग धाकटीला सगळं एकदम उमगलं आणि ती स्टुलावर हसत सुटली. एक ठिपक्याची कॅप एक ठिपक्याच्या रॉडवर, म्हणजे मुळात पहिल्याची चौथ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. चारच्या चार जोड्या मोडून दोघांनी चार नवे संसार मांडले होते आणि वर टॉर्क पान्याने आवळले होते.

"माझं चुकलं," थोरला म्हणाला.

"तुझं कसं? तू तिथे बसायचास, तू तिथूनच मोजणार," धाकटा म्हणाला. "मी पुढे उभा असायचो, मी पुढून मोजणार. चुकलं ते एवढंच की विचारलं नाही."

"विचारणार कसं? बोलत नव्हतो."

"हां. ते राहिलंच."

आई किटली धरून दारात उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर तो पूर्वीचा ट्रॅक्टर आला. मडगार्डवर मोठा, बाबांच्या खांद्याला टेकून. पुढे पंख्यापाशी छोटा, हँडलला लोंबकळत. एकाच गाडीची दोन टोकं. आपण रोज तिथून पाण्याची कळशी घेऊन जात होतो आणि आपल्याला कधी दिसलं नाही, याचं तिला वाईट वाटलं.

*

दुपारी पुन्हा सगळं उघडलं. या वेळी थोरलाही खाली झोपला. दोघे मोठे बाप्ये ट्रॅक्टरच्या पोटाखाली मावेनात, चार पाय दोन्हीकडून बाहेर. टेलिफोनची गरज उरली नव्हती, तरी धाकटी स्टूल सोडायला तयार नव्हती.

"बेअरिंगवर ओरखडा आलाय का बघ."

"नाही. वाचली. ही घे, तुझी चार ठिपक्यांची."

"म्हणजे माझी की तुझी?"

"आता नवीन ठिपके मारू. सीटकडून मारू का?"

"पंख्याकडून मार," थोरला म्हणाला. "कंपनीवाले पंख्याकडूनच मोजतात."

"तुला कुठून माहीत?"

"माहीत होतंच. पण मोजायला बसलो की मी सीटवर असतो."

धाकटा हसला. खाली झोपून हसलं की ऑइल तोंडात जातं, हे त्याला माहीत असूनही हसला.

चेंबर चढला, हेड बसलं, ऑइल भरलं. थोरल्याच्या मोटारीची बॅटरी काढून आणली. डिझेलच्या नळीतली हवा काढता काढता दोघांचे हात बरबटले. हँडल आता नुसत्या मनगटाने फिरत होतं आणि फिरताना आतून ओला, भरीव आवाज येत होता. 

"बस वर," थोरला म्हणाला.

"तू बस. तुझी जागा आहे."

"मी पाणी बघतो. पुढून कसं दिसतं ते मला बघायचंय."

धाकटा सीटवर बसला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पंपांचा नामांकित डॉक्टर, पण बटणावर बोट ठेवण्याआधी त्याने ते दोनदा पँटला पुसलं. लहानपणी त्याने किती वेळा सीटवर बसायला मागितलं होतं, आणि बाबा दर वेळी म्हणायचे, पुढच्या वर्षी. पुढची वर्षं होत होत बाबाच गेले. त्याला रडू आलं. ऑइलचं तोंड असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही, असं त्याला वाटलं. समोर पंख्यापाशी उभ्या असलेल्या थोरल्याला ते स्पष्ट दिसलं, कारण पुढून सगळं दिसतं.

बटण दाबलं. इंजिन कण्हलं, खोकलं, थांबलं. पुन्हा दाबलं. एक सिलिंडर पेटला, मग दुसरा, आणि मग चारही एकदम. काळ्या धुराचा लोट थेट थोरल्याच्या तोंडावर आला. तो खोकत राहिला, बाजूला मात्र झाला नाही.

"धूर असतो इथे," धाकटा वरून ओरडला.

"कळलं," थोरला ओरडला.

ट्रॅक्टर स्वतःच्या जोरावर शेडबाहेर पडला. अंगणात त्याने एक फेरी घातली, मग दुसरी. थोरलीने दवाखान्यातल्या पोरांसाठी फोनवर चित्रण केलं. गवंडी एवढ्याचीच वाट बघत होता. पोतं झटकून तो आत शिरला, एक खिळा पुढे ठोकला, एक मागे, दोरी ताणली आणि खडूच्या भुकटीने झटक्यात सरळ रेघ मारली. काम स्वच्छ होतं.

थोरला तोंड पुसत आत आला. ट्रॅक्टर गेल्यावर शेड त्याला भलतंच मोठं वाटलं. डावीकडे त्याची रोपं, उजवीकडे धाकट्याचं टेबल आणि मधल्या रेघेवर आई, हातात किटली घेऊन. ती धाकट्याच्या दाराकडे निघाली होती आणि मधेच थांबली होती.

"आई, बाजूला हो. ते दोरी लावतायत."

"कुठल्या बाजूला?" आईने विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती, पाय उचलून कुठे ठेवायचा ते. थोरल्याने तिच्या पायांकडे पाहिलं. सपाता पांढऱ्या रेघेवर होत्या, खडू त्यांना लागला होता.  भिंतीची लांबी, उंची, विटा, दार कुठे ठेवायचं नाही, सगळं त्याने ठरवलं होतं. एवढंच राहिलं होतं.

 तिच्या हातातली किटली घेऊन त्याने ती खिडकीत ठेवली आणि तो शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. बाहेर ट्रॅक्टर तिसरी फेरी संपवून येत होता. थोरल्याने दोन्ही हात वर केले आणि धाकट्याला मागे, आत यायची खूण केली.

धाकट्याने भुवया उडवल्या. थोरल्याने पुन्हा तीच खूण केली. ट्रॅक्टर वळला आणि उलटा आत येऊ लागला.

"ये. ये. अजून ये. थोडं डावीकडे. तुझं डावीकडे, माझं नाही. ये, ये. बस!"

मागचं चाक खडूच्या रेघेवर चढलं आणि दोरी त्याच्याखाली तटकन तुटली. ट्रॅक्टर होता तिथे उभा राहिला, थेट बाबांच्या जागेवर. धाकट्याने सीटवरून खाली पाहिलं, रेघ पाहिली, भावाकडे पाहिलं, आणि इंजिन बंद करायला नेलेला हात परत घेतला.

"अहो, तुम्ही तर दोरीवरच आणलात," गवंडी म्हणाला. "आता भिंत कशी धरू? केव्हा काढताय?"

"काही सांगता येत नाही," थोरला म्हणाला. "जाम झालंय. फार जुनं इंजिन आहे, हलेल असं वाटत नाही."

इंजिन इतक्या जोरात धडधडत होतं की गवंड्याला त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. म्हणून थोरल्याला तेच सगळं पुन्हा, घसा फोडून सांगावं लागलं.